नर्सबाईंची मिश्री

आपल्याकडे एक म्हण आहे : दिव्याखाली अंधार. दिवा साऱ्या घराला उजेड देतो, पण त्याच्या बुडाशी काळोख असतो. दुसऱ्याला शहाणपण सांगणाऱ्याच्या घरीच ते नसले, म्हणजे आपण ही म्हण वापरतो.

नर्सबाई आपल्याला आरोग्याच्या गोष्टी सांगतात. हात धुवा. तंबाखू सोडा. वेळेवर जेवा. पालेभाजी खा. पुरेशी झोप घ्या. लस टोचून घ्या. या गोष्टी नर्सबाईंनी स्वतः पाळाव्यात की नाही? आणि त्या पाळत नसतील, तर त्यांचे आपण ऐकावे की नाही?

प्रश्न साधा दिसतो. पण त्यात कधी कधी एखाद्या बाळाचा जीव गुंतलेला असतो. म्हणून या धड्यात आपण त्याचा नीट विचार करू.

उपकेंद्रातले बोलणे

सपाटीच्या भागात साधारण ५,००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असे सरकारचे धोरण आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक. तिथे नर्सबाई असतात. त्या गरोदर बायांना तपासतात. मुलांना लस टोचतात. त्यांच्या मदतीला गावातली आशाताई असते.

समजा, अशाच एका उपकेंद्रात तपासणीचा दिवस आहे. पडवीत दहा-बारा बाया बसल्या आहेत. एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली आहे. सुनेला पाचवा महिना आहे. नर्सबाईंनी तिचे वजन केले. वजन कमी भरले. मग त्यांनी तिचे दात पाहिले.

"मिश्री लावतेस का गं?"

सून गप्प राहिली. नर्सबाई म्हणाल्या, "आजपासून सोड. बाळाला बाधते."

सासूला ते आवडले नाही. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगताय खरं. पर आधी तुमच्या दाताकडं बघा की. ते काळं काय हाय?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नर्सबाईंनी काही लपवले नाही. त्या म्हणाल्या, "खरं आहे, मावशी. मी पण लावते. लहानपणी आजीच्या डबीतून लागली. दोनदा सोडली. पुन्हा लागली."

"मग आमाला कशापायी सांगता?"

"किती घट्ट धरते ते मला ठाऊक आहे, म्हणून सांगते. आणि मावशी, माझ्या पोटात आता बाळ नाही. हिच्या पोटात आहे."

सासू तिथे काही बोलली नाही. पण वाटेत सुनेला म्हणाली, "जिला सोताला जमंना, तिचं काय ऐकायचं?" संध्याकाळी तिने चुलीवर तवा ठेवला आणि नेहमीप्रमाणे तंबाखू भाजायला घेतली.

मिश्री म्हणजे काय?

मिश्री म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. पुष्कळ बायांना वाटते की मिश्रीने दात साफ होतात. तसे नाही. दात काळे पडतात आणि हिरड्या खराब होतात. तंबाखूने तोंडाचा कर्करोगही होतो.

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. त्यानेच सवय लागते. मिश्री लावली की ते हिरड्यांतून रक्तात जाते. बाई गरोदर असेल, तर आईच्या रक्तातून ते नाळेवाटे बाळापर्यंत पोचते.

याची पाहणी मुंबईत झाली आहे. तिथे १,२१७ बायांची माहिती गोळा केली गेली. ती पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या बायांच्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम कमी भरले. काही बाळे दिवस भरण्याआधीच जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे फार नाही, असे कोणी म्हणेल. पण जन्मताना बाळाचे वजन निदान अडीच किलो असावे लागते. जे बाळ आधीच काठावर आहे, त्याला १०५ ग्रॅमसुद्धा मोलाचे.

म्हणजे नर्सबाईंनी सांगितले ते खरे होते. त्यांचे स्वतःचे दात काळे असले, तरी खरेच होते.

तीन बायांची तीन मते

दुसऱ्या दिवशी महिला मंडळात हीच गोष्ट निघाली.

एक बाई म्हणाली, "त्यांना त्याचाच पगार मिळतो. मग त्यांनी पाळायलाच पाहिजे. नाहीतर सांगू नये."

दुसरी म्हणाली, "नर्स झाली म्हणून ती काय माणूस नाही? आपल्या घरी ती काय करते, ते तिचं ती बघेल."

तिथे एक म्हातारी सुईण बसली होती. ती म्हणाली, "एक माणूस खड्ड्यात पडला. तो आतनं वरडतो, 'बाबांनो, हिकडं येऊ नका, खड्डा हाय!' तो सोता खड्ड्यात हाय म्हणून त्याचं ऐकायचं न्हाई का?"

मग ती सासूकडे वळली. "आन् तुला एक सांगते. नर्सबाईची मिश्री तुझ्या सुनंला महिन्यातनं एकदा दिसती. तुझा तवा तिला रोज दिसतो."

या तिघींच्या बोलण्यात थोडे थोडे खरे आहे. पण नेमके काय खरे, ते पाहायला हवे. त्यासाठी सवयींचे दोन भाग करू. काही सवयी चुकल्या, तर दुसऱ्याचा जीव जातो. काही सवयी चुकल्या, तर आधी आपलाच देह झिजतो.

न धुतलेले हात

पहिल्या भागात सर्वांत मोठी सवय हात धुण्याची. तिची एक जुनी गोष्ट आहे. ती युरोपातल्या व्हिएन्ना शहरातली आहे.

तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करीत. दुसऱ्यात सुइणी काम करीत. १८४६ साली पहिल्या विभागात १०० बाळंतिणींपैकी सुमारे ११ जणी मेल्या. सुइणींच्या विभागात १०० पैकी ३ सुद्धा मेल्या नाहीत. बहुतेक जणी बाळंतज्वराने जात. पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून बाया हात जोडून विनवीत.

इस्पितळ एकच होते. मग एवढा फरक का पडला?

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर तिथे होता. त्याने शोध घेतला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी मुडदे चिरून अभ्यास करीत. मग तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासायला येत. सुइणी मुडद्यांना हात लावीत नसत. सेमेलवाइसच्या ध्यानात आले की मरण डॉक्टरांच्या हातांवर बसून येते आहे.

१८४७ साली त्याने नियम केला. प्रत्येकाने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुऊनच बाईला हात लावायचा. आपण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो ना? तीच ही वस्तू. १८४८ साली त्याच विभागातले मरण १०० मागे सुमारे १ वर आले.

तरीही पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना हे पटले नाही. आमच्या हातांनी रोगी मरतात, हे ऐकायला त्यांना नको होते. जंतूंची माहिती पुढे जगाला झाली. तोवर आणखी कितीतरी बाळंतिणी गेल्या.

१८५९ च्या सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रोग्यांच्या सेवेवर एक पुस्तक लिहिले. नर्सने दिवसातून पुष्कळ वेळा हात धुवावेत, असे त्यांनी त्यात बजावले. आजच्या नर्सिंगचा पाया घालणाऱ्या त्याच या बाई.

म्हणून हात धुणे ही नर्सबाईंची खासगी गोष्ट नव्हे. खोकला-ताप असताना तोंडाला मास्क लावणे, वेळेवर लस घेणे, याही तशाच गोष्टी. त्या चुकल्या तर रोग्याला बाधते. इथे सवलत नाही. नर्स असो, डॉक्टर असो, सुईण असो, त्यांनी हे पाळलेच पाहिजे. आणि आपणही ते मागितले पाहिजे. "बाई, हात धुतले का?" असे विचारण्यात कसला अपमान नाही. चांगल्या नर्सबाईंना त्याचा राग येत नाही.

रोग पदवी पाहत नाही

आता दुसरा भाग. मिश्री, बिडी, अवेळी जेवण, कमी झोप. यात आधी नर्सबाईंचाच तोटा होतो. माहिती असली म्हणून रोग टळत नाही. रोग कोणाची पदवी पाहत नाही आणि पांढरा पोशाखही पाहत नाही.

याचा पुरावा डॉक्टरांनी आणि नर्सांनीच दिला आहे.

१९५१ साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी देशातल्या डॉक्टरांना पत्रे पाठवली. तुम्ही सिगारेट ओढता का, किती ओढता, असे विचारले. ३४,००० हून जास्त पुरुष डॉक्टरांची ५० वर्षे नोंद ठेवली. जे जन्मभर ओढत राहिले, ते न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी मेले. ज्यांनी तिशीत सोडली, त्यांचे जवळजवळ सगळे नुकसान टळले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सुमारे ३ वर्षे जास्त मिळाली. सुरुवातीची माहिती हाती येताच पुष्कळ डॉक्टरांनी स्वतःच सिगारेट सोडली.

पुढे १९७६ साली अमेरिकेत सुमारे १,२१,७०० नर्सांची अशीच पाहणी सुरू झाली. त्या नर्सांनी वर्षानुवर्षे आपल्या सवयी खरेपणाने लिहून कळवल्या. ज्या सिगारेट ओढत नव्हत्या, रोज अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम करीत होत्या, वजन ताब्यात ठेवीत होत्या आणि नीट आहार घेत होत्या, त्यांना हृदयाचे दुखणे फारच कमी झाले.

या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या नर्सांनी सहा वर्षे किंवा जास्त काळ पाळीपाळीने रात्रीचे काम केले, त्यांच्यात हृदयरोग जास्त आढळला. हे १९९५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सगळी चूक नर्सबाईंच्या मनाची नसते. काही चूक कामाच्या रीतीचीही असते.

शब्दाला वजन

सांगणारा स्वतः पाळत असेल, तर त्याच्या शब्दाला वजन येते. हे आपण करोनाच्या साथीत पाहिले. १६ जानेवारी २०२१ पासून भारतात करोनाची लस देणे सुरू झाले. पहिली पाळी डॉक्टर, नर्स आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांची होती. पुढे लस गावात आली. तेव्हा लोक नर्सबाईंना हाच प्रश्न विचारीत : "तुम्ही घेतली का?" ज्यांना "हो, घेतली" असे सांगता आले, त्यांना दुसरे फार बोलावे लागले नाही.

म्हणून नर्सबाईंनी आपण सांगतो ते पाळावे, हे बरोबर आहे. त्यांच्या स्वतःच्या देहासाठी बरोबर आहे आणि गावासाठीही बरोबर आहे. पण पाळता आले नाही, तर त्यांनी तोंड मिटून बसू नये. खोटेही बोलू नये. "मला अजून सुटली नाही. मी सोडायला झटते आहे. तू लावू नकोस," असे सरळ सांगावे. खऱ्या बोलण्यालाही वजन असतेच.

आणि आपण? आपण त्यांच्या चुकीआड लपू नये. नर्सबाई मिश्री लावतात म्हणून आपल्या बाळाला ती कमी बाधत नाही.

गावाचे काम

नर्सबाईंनी हात धुवावेत, असे आपण म्हणतो. पण उपकेंद्रात नळाला पाणी आहे का? साबण आहे का? त्यांनी वेळेवर जेवावे, असे म्हणतो. पण त्या डबा उघडतात तेव्हा आपण दारात उभे राहतो का? साध्या पडशासाठी त्यांना मध्यरात्री उठवतो का? तिथे बायांसाठी संडास आहे का?

हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात. गावात आरोग्याची समिती असते. तिच्या पुढे मांडता येतात. ज्या घरात पाणी नाही, त्या घरच्या बाईला "हात का धुतले नाहीस?" असे विचारणे सोपे असते. पाणी आणून देणे अवघड असते. पण खरे काम तेच आहे.

त्या सासूने पुढे काय केले? सुइणीचे बोलणे तिला झोंबले. तिने सुनेसमोर तवा ठेवणे बंद केले. तिची स्वतःची मिश्री काही लगेच सुटली नाही. ती शेजारणीकडे जाऊन लावी. पण सुनेची डबी तिने आपल्या हाताने उकिरड्यावर टाकली. नर्सबाईंनी सुनेला सांगितले, "तू सोड. मीही पुन्हा सोडून बघते. तपासणीला आलीस की माझे दात बघ. मी तुझे बघेन." कधी एकीचे चुकले. कधी दुसरीचे चुकले. पण दोघींनी लपवले नाही. बाळंत होईपर्यंत सुनेने पुन्हा डबी भरली नाही.

मिश्री कशी सोडावी?

१. एक दिवस ठरवा. घरात सर्वांना सांगा.

२. आदल्या रात्री डबी टाकून द्या. घरात तंबाखू भाजू नका.

३. सकाळी दात कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने किंवा ब्रशने घासा.

४. तलफ आली की थोडा वेळ थांबा. पाणी प्या. बडीशेप चघळा. हाताला काम द्या. तलफ थोड्या वेळाने ओसरते.

५. पहिले काही दिवस चिडचिड होते. डोके दुखते. झोप नीट लागत नाही. घाबरू नका. हे हळूहळू कमी होते.

६. पुन्हा चुकून लावली, तर हार मानू नका. पुन्हा सोडा. पुष्कळांची सवय दोन-चार वेळा झटल्यावर सुटते.

७. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. तंबाखूच्या पाकिटावर हा नंबर छापतात. आता तुम्हाला वाचता येते. पाकिटावर काय लिहिले आहे, ते स्वतः वाचा आणि घरातल्यांना वाचून दाखवा.

हात कधी धुवावेत?

रोग्याला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर. जखम धुण्याआधी. रक्त, मल, मूत्र यांना हात लागल्यावर. रोग्याचे अंथरूण किंवा भांडी हाताळल्यावर. नर्सबाईंसाठी हे नियम आहेत. घरात आजारी माणूस असेल, तर आपल्यालाही तेच लागू आहेत. साबण लावून हात चोळताना १ पासून २० पर्यंत सावकाश आकडे मोजा. मग स्वच्छ पाण्याने धुवा.

लक्षात ठेवा

सांगणाऱ्याने आधी करावे. ज्याने दुसऱ्याला बाधा होते, ते तर त्याने पाळलेच पाहिजे.

ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याचे दात पाहावेत, पण सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, तेही पाहावे.

घरातली मोठी माणसे करतात, तेच लहान माणसे शिकतात.

शब्दांचे अर्थ

बाळंतज्वर : बाळंतपणानंतर जंतूंमुळे येणारा ताप.
नाळ : पोटातल्या बाळाला आईकडून रक्तातले पोषण पोचवणारी नळी.
तलफ : सवयीच्या वस्तूची अनावर इच्छा.
पाहणी : माणसे, आकडे आणि नोंदी तपासून मिळवलेली माहिती.

प्रश्न

१. मिश्री कशापासून करतात? ती गरोदर बाईने का लावू नये?

२. व्हिएन्नाच्या इस्पितळात पहिल्या विभागात जास्त बाळंतिणी का मरत होत्या?

३. सुइणीने खड्ड्यातल्या माणसाची गोष्ट का सांगितली?

४. नर्सबाईंनी पाळल्याच पाहिजेत, अशा तीन गोष्टी लिहा.

५. तुमच्या उपकेंद्रात पाणी, साबण आणि संडास आहे का? जाऊन पाहा. जे नसेल, ते चार ओळींत लिहून पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.